दारातून न निघणारी रेल्वे

कवळीवाल्यांच्या घरात रेल्वे आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्यक्ष पाहिलेले मात्र थोडे. कारण रेल्वे बघायला येणाऱ्याने आधी बाह्या दुमडायच्या, गळ्यात काही लोंबत असेल तर ते शर्टात खोचायचं आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, असा तिथला नियम होता. एवढी शिस्त लोक ऑपरेशन थिएटरच्या बाहेरसुद्धा पाळत नाहीत. त्यामुळे पुष्कळजण “पुन्हा कधीतरी” म्हणून सटकायचे.

त्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे. हे त्यात प्लॅस्टर ओतून जबडा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि शेवटी गुलाबी हिरड्यांवर असं काही पॉलिश चढवायचे, की ती कवळी घालणाऱ्याने उगाचच हसत सुटावं. घराच्या पुढच्या खोलीत हा कारखाना. टेबलावर दुसऱ्यांचे जबडे ओळीने मांडलेले. नवखा माणूस आत आला की त्याला वाटे, सगळे आपल्यालाच हसतायत.

हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी सांगायचे, “तोंडात काहीही बसवता येतं रे. काढता येतं का, ते बघ आधी.” हिरडी कुठेतरी आत वळलेली असते. कवळीची कड त्या खोलगट जागेत शिरली की बसताना छान टचकन बसते, आणि मग निघता निघत नाही. पेशंट तोंडात बोटं घालून दवाखान्यात हजर. म्हणून काम हातात घेण्याआधी ते बाहेर कसं येणार, याचा विचार करायचा. हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. आणि अशा माणसाने स्वतःच्या मागच्या खोलीत, दारातून काही केल्या निघणार नाही अशी रेल्वे बांधली.

सुरुवात अगदी निष्पाप होती. लेक लहान असताना तिच्यासाठी म्हणून त्यांनी एक इंजिन, दोन डबे आणि गोल रूळ आणले. लेकीने गाडी दोनदा फिरवली, इंजिनाला बाहुलीचा फ्रॉक घातला आणि विषय संपवला. कवळीवाल्यांचा संपला नाही.

मागची खोली तेव्हा शिवणबाईंची होती. शिवणबाई म्हणजे त्यांची बायको. तिथे त्यांचा शिवणाचा क्लास चालायचा. मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीशी मशिनं, आणि दिवसभर मुलींचा चिवचिवाट. पुढे तयार कपड्यांचा जमाना आला. मुली येईनाशा झाल्या. एक मशीन उरलं, ते वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीत गेलं. रिकामं टेबल बघून कवळीवाले म्हणाले, “यातला एक कोपरा वापरू का गं?”

“वापरा की,” शिवणबाई म्हणाल्या. कोपरा मागून माणूस कुठवर जाऊ शकतो, याची कल्पना त्यांना तेव्हा यायचं काही कारण नव्हतं.

वर्षं गेली आणि कोपऱ्याचा मुलूख झाला. कवळ्यांच्या प्लॅस्टरचा डोंगर उभा राहिला. त्याच्या पोटातून बोगदा गेला. रंगवलेल्या स्पंजची झाडं आली. नदी आली, तिच्यावर पूल आला. फलाट पहिल्यांदा हिरडीच्या मटेरियलचा केला होता. तो इतका गुलाबी दिसायला लागला, की स्टेशनाला तोंड आल्यासारखं वाटे. मग त्यावर राखाडी रंग दिला. फलाटावर नखाएवढी माणसं गाडीची वाट बघत उभी राहिली.

पण कवळीवाल्यांचा खरा अभिमान यातल्या कशात नव्हता. तो होता रुळात. बाकीचे शौकीन आपापली रेल्वे तुकड्यातुकड्यांत बांधतात, नटबोल्टने जोडतात, घर बदललं की सोडवून नेतात. कवळीवाल्यांना ते पटत नसे. “जोड आला की चाक अडखळतं,” ते म्हणायचे. त्यांनी सगळा पसारा एकाच सलग फळीवर बांधला. रुळाचे तुकडे झाळले, म्हणजे कथील वितळवून एकसंध जोडले, आणि झाळलेली जागा कवळीचे दात घासायच्या नाजूक कानशीने इतकी गुळगुळीत केली, की पाहुण्याला ते मोठ्या मनाने एक हात सोडवायला सांगायचे. “नख फिरवून बघा. लागतंय कुठे?” लागत नसे. “लागणार कसं!” आणि लगेच, “हात मागे घ्या.”

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका सकाळी शिवणबाई धुवायच्या चादरींचा गठ्ठा पोटाशी धरून जिना उतरत होत्या. पायरी दिसली नाही. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. लेकीच्या इमारतीला लिफ्ट होती, म्हणून ती आईला दवाखान्यातून थेट आपल्याकडे घेऊन गेली. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, “जिना विसरा. सध्या तरी.” हे ‘सध्या तरी’ त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून जिना कायमचाच विसरायचा आहे, हे तिघांनाही कळलं.

म्हणजे शिवणबाईंना घरी यायचं तर खालीच झोपायला हवं. पुढच्या खोलीत जबडे, मेणाचा वास आणि प्लॅस्टरची भुकटी. स्वयंपाकघरात पलंग मावत नाही. उरली मागची खोली.

“करतो रिकामी,” कवळीवाले फोनवर म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर कामाला सुरुवात केली. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. उंबऱ्याला उतार केला. खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या घातल्या. घरातले बल्ब बदलले. जे चालू होते तेही बदलले. स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर आणले. मग कुठला डबा कुठला ते कळेना, म्हणून सगळे उघडून बघितले. फक्त मागच्या खोलीचं दार तेवढं ते रोज उघडायचे, आत उभे राहायचे, गाडी एक फेरी फिरवायचे आणि दार लोटून घ्यायचे.

एका दुपारी लेक न सांगता आली. सरळ मागच्या खोलीत गेली. रेल्वे होती तशी होती, नदीवरची धूळसुद्धा पुसलेली.

“बाबा, पलंग कुठे टाकायचाय? बोगद्यात?”

“करतोय गं. असं एकदम नाही होत.”

“दांडी बसली, उतार झाला. हे सोडून सगळं झालं.”

“तू बस तरी. चहा टाकतो.”

“चहा राहू दे. मी मशीन बघायला आले. एकटीला उचलेल का ते.”

“कसलं मशीन?”

“आईचं. तिने मागवलंय. म्हणाली, आता इथेच राहायचंय तर हाताला काही काम तरी असू दे.”

कवळीवाल्यांनी हातातला फडका घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. “इथेच म्हणजे?”

“इथेच म्हणजे माझ्याकडे, बाबा. मी कपाटाचे दोन कप्पे दिलेत तिला.”

“मला नाही बोलली काही.”

“तुम्हाला बोलायचं नाही असंच ठरलंय,” लेक म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. “म्हणाली, त्यांना सांगशील तर ते रेल्वे मोडतील. मोडायला लावू नकोस. त्यांचा जीव आहे त्यात.”

मशीन एकटीला उचलणार नव्हतंच. रविवारी टेम्पो घेऊन येते म्हणून लेक गेली.

कवळीवाले वर गेले आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. मशीनच्या सुईखाली त्यांच्याच शर्टाची कॉलर होती. विटलेली बाजू आत घालून उलटून लावायला घेतलेली, अर्ध्यात राहिलेली. त्यांना वाटलं होतं, रेल्वे मोडायची वेळ आली तर बायको हट्ट धरेल, आपण थोडं रुसू, मग ऐकू. रुसायची तयारी त्यांनी केली होती. पण तिने हट्टच धरला नव्हता. तिने नुसती माघार घेतली होती. लेकीचं घर चांगलं, जावई चांगला. तरी दुसऱ्याच्या घरात माणूस साखरेचा डबासुद्धा विचारून घेतो. ती तिथे विचारून विचारून राहणार, आणि आपण इथे अखंड रुळावर गाडी फिरवणार. त्यांनी कॉलर सुईखालून सोडवली नाही. खाली आले आणि सुताराला फोन लावला.

सुतार दुसऱ्या दिवशी करवतीचं मशीन घेऊन आला. टेबलाभोवती एक चक्कर मारली, दाराचं माप घेतलं, टेबलाचं घेतलं, पुन्हा दाराचं घेतलं.

“काका, हे आत कसं आणलंत?”

“आणलं नाही. इथेच झालं.”

“मग भिंती नंतर बांधल्यात काय?”

“थट्टा पुरे. दार काढून निघेल का?”

“चौकट काढली तरी नाही.”

“तिरकं करून?”

“तिरकं केलं तर नदी सांडेल.” सुतार हसला. मग त्याने तोंडात अंगठा घालून आपली वरची कवळी काढली आणि कवळीवाल्यांच्या नाकासमोर धरली. “ही तुम्हीच केलीत ना? बघा कशी शुटशुटीत निघते!” दात हातात असल्याने शब्द फुसफुसले, पण लागायचे तिथे लागले. “आणि हे काय करून ठेवलंत?”

कवळीवाल्यांना हसू आलं. त्या आठवड्यांतलं ते पहिलंच.

“कापावं लागेल,” सुतार कवळी जागेवर बसवत म्हणाला. “कुठे कापू बोला.”

इथे गाडी अडली. कवळीवाल्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि खोडली. इथे पूल. इथे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. तिला धक्का लागला की संपलं. इथे फलाट. रेघा मारून मारून माळावरचं गवत काळं झालं.

“काका, तुमचं ठरेपर्यंत मी जेवून येऊ का?”

सुतार गेला. कवळीवाल्यांनी लेकीच्या घरी फोन केला. शिवणबाईंनीच उचलला.

“अगं, सुतार आलाय.”

“कशाला?”

“कापायला.”

“तिने सांगितलं वाटतं. एक गोष्ट पोटात राहत नाही त्या पोरीच्या. अहो, नका कापू. मला इथे काही त्रास नाही. लिफ्ट आहे, हवा आहे.”

“साखर कुठे ठेवते ती?”

“काय?”

“साखरेचा डबा. लेक कुठे ठेवते?”

शिवणबाई म्हणाल्या, “असेल कुठेतरी. लागली की मागते मी.”

“मशीन येणार नाही तिकडे. तू ये इकडे. फक्त कुठे कापू ते सांग. मला नाही सुचत.”

“मला काय कळतंय त्यातलं? वरून कधी धड बघितलं तरी आहे का मी? हात मागे बांधा म्हणता. स्वतःच्या घरात हात मागे बांधून कोण उभं राहील?”

“बरं, चुकलं.”

“खालचं विचारा, खालचं सांगते. इतकी वर्षं खाली वाकून केर मीच काढला.” आवाज जरा वर चढला होता; कापड समोर पसरल्यावर चढायचा तसा. “स्टेशनच्या बाजूने आत शिरलं की आधी वायरींचं जंजाळ. केस अडकतात. मग एक आडवी पट्टी, ती डोक्याला लागते. ती गेली की मोकळं. वायर नाही, पट्टी नाही, पाय नाही. तिथे मी बसून पाठ सरळ करायची. तिथे कापा.”

कवळीवाले फोन कानाला धरूनच टेबलाखाली शिरले. केस अडकले. पट्टी डोक्याला लागली. आणि ती गेल्यावर खरंच मोकळी जागा होती, एका माणसाला बसण्यापुरती. फरशी तिथे जरा जास्त चकचकीत होती.

“सापडली?”

“सापडली,” ते म्हणाले. बरोबर वर काय आहे, ते त्यांनी मनात मोजून पाहिलं. वर डोंगर होता.

डोंगर त्यांनी स्वतः कापला, प्लॅस्टरच्या करवतीने, जशी जबड्याची कड कापतात तसा. वरून हिरवा डोंगर आतून पांढराशुभ्र होता. मग कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना फळीत पितळी स्क्रू घातले आणि रूळ त्यांना झाळून टाकले; तसं केलं नाही तर कापल्यावर रुळाची टोकं मन मानेल तिकडे वळतात. सुतार त्यांची ही लगबग भिंतीला टेकून बघत होता. “आता?” त्याने विचारलं. कवळीवाल्यांनी मान हलवली आणि खोलीबाहेर गेले. मशीनचा आवाज बंद झाल्यावरच आत आले.

स्टेशनाचा तुकडा दारातून सहज निघाला. तो पुढच्या खोलीत, कामाच्या टेबलाच्या वर भिंतीशी बसवला. डोंगराच्या तुकड्याला मात्र जागा नव्हती. तो पूर्ण मोडायचा असं ठरलं होतं. पण दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी होती. क्लास बंद झाला तेव्हा ती फळी ठोकून बुजवली होती. शिवणबाईंनी हाक मारली तर पुढे ऐकू यावी म्हणून सुताराने ती उघडून दिली. उघडल्यावर कवळीवाल्यांच्या लक्षात आलं, की खिडकीचा कठडा आणि रेल्वेची फळी अगदी एका उंचीवर येतात.

त्यांनी पुढचा सगळा माळ कापून टाकला, नदी काढली, पूल काढला. भिंतीलगत वीतभर रुंदीची एक पट्टी ठेवली. पलंगाच्या उशापासून निघायचं, अर्ध्या डोंगराच्या पोटात शिरायचं, खिडकीतून पार पुढे, स्टेशनात. फिरायला गोल उरलाच नाही. गाडी जाणार तिकडे थांबणार, आणि परत पाठवली तरच येणार. एवढं करून झाल्यावर त्यांना धास्ती बसली. खोली तिला देतो म्हणून शब्द दिला, आणि त्यातली पट्टी पुन्हा आपणच खाल्ली.

शिवणबाई रविवारी आल्या, त्याच टेम्पोतून. मशीन वरून खाली आलं होतं, परसाकडच्या खिडकीच्या उजेडात ठेवलं होतं. कॉलर सुईखाली तशीच. वॉकर टेकत टेकत त्या पलंगापर्यंत गेल्या, बसल्या आणि उशाकडे बघितलं.

“हे काय?”

“काढतो,” कवळीवाले घाईने म्हणाले. “सांग फक्त, आत्ता काढतो.”

“मी काढा म्हटलं का? दुपारी मला आवाज नको, एवढंच.”

त्यानंतर बरेच दिवस गाडी स्टेशनातच उभी राहिली. दुपारी आवाज नको म्हटल्यावर कवळीवाल्यांनी सकाळ-संध्याकाळही बटण दाबलं नाही. वेगळीच काळजी होती. डॉक्टरांनी रोज थोडं थोडं चालायला सांगितलं होतं, आणि शिवणबाई पलंगावरून मशीनकडे आणि मशीनवरून पलंगाकडे, याखेरीज पाऊल टाकत नव्हत्या. “दुखतं,” म्हणायच्या. लेक फोनवर रागवायची. कवळीवाले वॉकर पुढे करून उभे राहायचे. “कुठे जाऊ मी चालत?” त्या विचारायच्या. “जायला ठिकाण तर हवं.”

मग एके दुपारी खिडकीतून हाक आली. “अहो!”

“आलो.”

“येऊ नका. ती गाडी पाठवा इकडे.”

कवळीवाल्यांच्या बोटांना मेण होतं. त्यांनी कोपराने बटण दाबलं. गाडी स्टेशनातून निघाली, खिडकीत शिरली, दिसेनाशी झाली.

“आता काय दाबू?” शिवणबाईंनी पलीकडून विचारलं. त्यांच्या उशाशीही दोन बटणं बसवलेली होती.

“लाल.”

गाडी परत आली. मागच्या उघड्या डब्यात कापडाच्या तुकड्याला टोचलेली सुई होती आणि दोऱ्याचं रीळ. “ओवून द्या,” पलीकडून आवाज आला. “मला भोक दिसत नाही.”

त्यांनी हात पुसले, डोळ्याला भिंग लावलं, दोरा ओवला आणि गाडी सोडली. खिडकीच्या बरोबर मधोमध, जिथे दोन तुकडे एकमेकांना भिडले होते, तिथे डबा अडखळला आणि कलंडला.

“पडली वाटतं,” शिवणबाई म्हणाल्या.

कवळीवाले उठले. ते खिडकीशी पोचले तेव्हा पलीकडून वॉकरचा टकटक आवाज येत होता. शिवणबाई आल्या होत्या. त्यांनी डबा उचलला, उलटा करून चाकं बघितली.

“आधी पुढचं चाक,” कवळीवाले म्हणाले.

“कळतंय मला. आयुष्यभर बारीक कामच केलंय.” त्यांनी डबा रुळावर बसवला, नीट, पहिल्याच खेपेला. “ढकला आता.”

त्या दिवशी गाडी आणखी दोनदा पडली. दुसऱ्या दिवशी बटणं गेली, रीळ गेलं, चष्म्याची काडी दुरुस्तीला आली, आणि गाडी तिथेच पडत राहिली. दर वेळी ते इकडून जायचे आणि त्या तिकडून यायच्या. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला पाय तपासले आणि विचारलं, कुठला व्यायाम करता? शिवणबाई म्हणाल्या, “व्यायाम कसला? गाडी उचलते.” डॉक्टरांनी कवळीवाल्यांकडे बघितलं. कवळीवाल्यांनी छताकडे बघितलं.

तो जोड सरळ करणं म्हणजे त्यांच्या हाताला एका दुपारचं काम. कानस टेबलावरच पडलेली असते.

“अहो,” एकदा खिडकीशी उभं राहून शिवणबाईंनी विचारलं, “हा रूळ इथे वर आलाय, तो तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतो की.”

“मग?”

“करतो.”

शिवणबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग डबा उचलला, चाकं रुळावर टेकवली आणि वॉकर वळवला.

“घाई नाही,” त्या म्हणाल्या.